पखवाज आमच्या हाती देणाऱ्या आबांना

तीर्थस्वरूप आबांना,
सगळ्या भजनी मंडळाचा साष्टांग नमस्कार.

तुम्ही मुलाकडे पुण्याला राहायला गेल्यापासून फोनवर बोलणं होतं, पण आभाराचा शब्द काढला की तुम्ही विषय बदलता. म्हणून पत्र लिहायचं ठरलं. सगळ्यांना वाचता येईल असं उघड लिहितेय, कारण तुम्ही आमच्यासाठी काय केलंत ते मिरज तालुक्यातल्या आमच्या गावाबाहेरही कळायला हवं. गावोगावी महिला भजनी मंडळं आहेत, टाळ आहेत, गळे आहेत. पाठीशी उभं राहणारं माणूस मात्र सगळ्यांना मिळत नाही. नातीला सांगा, सावकाश वाचून दाखव.

आधी पट्टीचं, म्हणजे गाणं ज्या सुरावर धरायचं त्याचं. तुम्ही यायच्या आधीही आम्ही गात होतो, पण गावच्या पुरुष मंडळाच्या पेटीवर. पेटीवाल्यांच्या बोटांना त्यांच्या बुवांची पट्टी बसलेली. चाल तिथूनच सुरू व्हायची आणि आमच्यातल्या निम्म्याजणी नुसते ओठ हलवायच्या. बायकांचा आवाज भजनाला कमीच पडतो, असं आम्ही इतकी वर्षं ऐकलेलं की आम्हालाही ते खरं वाटायला लागलं होतं. तुम्ही देवळाच्या ओवरीत एकेकीला पेटीशेजारी बसवून सा लावायला लावलात. थोरल्या काकींना पेटीच्या पांढरी पाच पट्टीच्या वर ताण यायचा, पोरी काळी पाचला खुलायच्या. दोन्ही बाजू सांभाळून तुम्ही मधली काळी चार धरलीत. पखवाजही त्याच सुरात लावलात. वरचा चरण पोरींनी उचलायचा, धृपदाला, म्हणजे परत परत येणाऱ्या ओळीला, सगळ्यांनी मागून सूर देत झील धरायची, दम लागला तर टाळ सोडायचा पण शब्द सोडायचा नाही, ही घडी तुम्हीच बसवून दिलीत. "गळा बघून पट्टी धरायची असती," एवढंच म्हणालात. त्या रात्री जतच्या मावशींचा आवाज आम्ही पहिल्यांदा ऐकला. बाई कित्येक वर्षं आमच्या शेजारी बसून गात होती आणि तिचा आवाज असा आहे हे आम्हाला माहीत नव्हतं!

सराव रात्री साडेनऊनंतर. आमच्यातल्या बहुतेकजणी द्राक्षबागेत कामाला जाणाऱ्या. ऑक्टोबर छाटणी झाली की पुढे जादा फुटी काढणं, विरळणी, डिपिंग म्हणजे घड औषधात बुडवणं, सगळं हात वर करून करायचं काम. दिवसभर खांदे भरून आलेले असायचे, त्यात टाळ धरायचा. तुम्ही त्या दिवसांत टाळ बाजूला ठेवायला सांगायचात आणि फक्त हातावर लय धरून पाठांतर घ्यायचात. हे कुणी तुम्हाला सांगितलं नव्हतं. तुमचं तुम्ही बघितलंत.

सप्ताहातली पाळी तर आमच्यातली एकही बाई विसरणार नाही. आमच्या भागात अखंड हरिनाम सप्ताहात पहाटे काकडा, मग पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन आणि कीर्तनानंतर जागर. महिला भजन दुपारी दोन ते चार. त्या वेळी मांडवात कोण असतं? दोन-चार म्हातारी माणसं पडलेली, लहान पोरं पळापळी करतायत आणि साउंडवाला माईक तसाच टाकून जेवायला गेलेला. शेजारच्या एका गावात आम्ही असंच गायलो, आणि आमच्या शेवटच्या भैरवीच्या मध्येच कुणीतरी माईक बंद केला, कारण संध्याकाळच्या मांडवाची झाडलोट सुरू करायची होती. तुम्ही मागे बसून बघत होतात. तेव्हा काही बोलला नाहीत. पुढच्या साली त्याच गावात तुमच्या पुरुष मंडळाची जागराची पाळी होती, ती तुम्ही कमिटीकडे जाऊन आमच्या नावावर लावलीत. तुमची स्वतःची पाळी! तुमच्या मंडळातली माणसं महिनाभर तुमच्याशी नीट बोलत नव्हती, हे आम्हाला फार उशिरा कळलं, आणि तेही तुमच्या घरच्या काकूंकडून. त्या रात्री कीर्तनाला आलेली माणसं उठून गेली नाहीत. आम्ही काकड्याच्या वेळेपर्यंत गायलो, आणि रात्रीच्या भजनाला अंगात किती वेगळं बळ येतं ते आम्हाला त्या रात्री कळलं.

आता प्रवासाचं. हे लिहायला थोडं अवघड वाटतं, पण लिहितेच, कारण बाहेरगावी जाणाऱ्या मंडळातली प्रत्येक बाई हे जाणते. घरातून बाहेर पडताना आम्हाला गाण्याची चिंता नसते. संडास कुठे आहे, न्हाणीला दार आहे का, त्या दाराला आतून कडी आहे का, याची असते. कित्येकजणी या एका काळजीपोटी प्रवासात पाणी पीत नाहीत आणि मग गळा सुकतो. आमंत्रण देणाऱ्यांनी हे कधी विचारलं नाही. तुम्ही मात्र मुक्कामाला आमच्या आदल्या दिवशी पुढे जायचात. पंढरपुरातल्या मठात आम्ही पोचलो तेव्हा तुम्ही न्हाणीच्या दारापाशी उकिडवे बसून नवी कडी बसवत होतात. पिशवीत पखवाजाच्या हातोडीबरोबर दोन कड्या, स्क्रू आणि पेचकस. "कडी हाय आता. निवांत आंघोळी करा," म्हणालात आणि पिशवी उचलून बाहेर गेलात. आबा, आम्हाला आमच्या माणसांनी साड्या घेतल्या असतील, दागिने घेतले असतील, पण कडी कुणी बसवून दिली नव्हती. त्या दिवशी सगळ्याजणी पोटभर पाणी प्यायल्या.

मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं आणि आमचं बाहेर पडणं वाढलं. ते सरकारनं केलं, पण त्याआधी तुम्ही आम्हाला मिरज-पंढरपूर रेल्वेगाडीची सवय लावली होती. सलगरे, कवठेमहांकाळ, ढालगाव, जत रोड, सांगोला. गाडीच्या आवाजावर लय पक्की करायची, हा तुमचा हट्ट. डब्यातले लोक आधी बघत बसायचे, मग टाळ्यांनी साथ करायचे. जत रोडला चढलेल्या एका शाळकरी मुलीनं तुमचा हात धरून "मला पण वाजवू द्या" म्हटलं आणि तुम्ही गाडी सांगोल्याला पोचेपर्यंत तिला मांडीशी घेऊन बोल शिकवलेत.

पंढरपुरात कुठे बसून काय गायचं हेही तुम्हीच आम्हाला सांगितलंत. महाद्वाराशी नामदेव पायरी आणि समोर चोखोबांची समाधी. तिथे सोयराबाईंचा अभंग म्हणायचा, कारण चोखोबा बघायला माणसं येतात पण त्यांच्या घरातली ही बाईही अभंग लिहीत होती हे पुष्कळांना आठवत नाही. मंगळवेढ्याला गेल्यावर कान्होपात्रेचा. आम्ही तोवर अभंग म्हणजे चाल एवढंच समजत होतो. तुम्ही शब्द आधी वाचायला लावायचात, अर्थ आमच्याच तोंडून काढून घ्यायचात, मग पेटी उघडायचात.

पंढरपूरजवळचं गोपाळपूर मात्र सगळ्यात जास्त मनात राहिलंय. जनाबाईंचं म्हणून जे जातं तिथे दाखवतात, त्याच्यासमोर आम्ही बसलो. जनाबाईंचा अभंग सुरू केला, भजनी ठेका छान चालला होता, आणि थोरल्या काकी मध्येच थांबल्या. जात्याकडे बघत होत्या. मग त्यांनी स्वतःची ओवी उचलली, त्यांच्या सासूकडून आलेली, दळताना म्हणायची. ती आठ मात्रांत बसत नव्हती. एक ओळ लांबायची, मग श्वास, मग दुसरी. पेटीवाल्या सुनबाईंना कळेना काय करावं. मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही पखवाजावरचे दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवलेत. एक थापही दिली नाहीत. काकी ओवीमागून ओवी म्हणत गेल्या, त्यांचा उजवा हात खुंटा धरल्यासारखा गोल फिरत होता, आणि तुम्ही मान खाली घालून ऐकत होतात. एवढ्या मोठ्या पखवाजीनं एका सत्तरीतल्या बाईच्या ओवीसाठी ठेका थांबवला. आमच्यातल्या शिक्षिकाबाईंनी परतताना गाडीत सांगितलं की हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या संशोधकांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून अशा जात्यावरच्या लाखभर ओव्या गोळा केल्यात. काकींचा विश्वास बसेना. त्यांच्या मते ते गाणं नव्हतंच, काम होतं. आता आमच्या प्रत्येक कार्यक्रमात गौळणीच्या आधी काकींची एक ओवी असते, बिनठेक्याची.

आणि पखवाज. बाईनं पखवाजाला हात लावू नये, असं म्हणणारी माणसं आपल्याकडे कमी नाहीत. आटपाडीच्या वहिनींचा हात लयीला पक्का आहे हे तुम्ही टाळावरून ओळखलंत. त्यांच्या घरी जाऊन सासऱ्यांशी आधी शेतीचं बोललात, चहा घेतलात, आणि उठता उठता "सूनबाईंना संध्याकाळी घटकाभर पाठवत जा" म्हणालात. वर्षभर त्यांना एकच ठेका घोटायला लावलात. बाकी बोल नंतर. डाव्या तोंडाला लावायची कणीक मात्र तुम्हाला त्यांना शिकवावी लागली नाही! मीठ नाही, तेल नाही, बोट दाबलं तर खड्डा राहावा आणि बोटाला चिकटू नये. वहिनींनी पहिल्याच दिवशी अशी मळली की तुम्ही धामावर, म्हणजे त्या डाव्या तोंडावर, एक थाप मारलीत आणि लगेच दुसरी मारून बघितलीत. कार्यक्रम झाल्यावर ती कणीक खरवडून काढायची, नाहीतर वाळून कातडं खराब होतं, हे मात्र तुम्ही त्यांना तिथल्या तिथे दाखवलंत.

एकादशीला आपल्याच गावच्या देवळात, सगळा गाव बसलेला असताना, तुम्ही पखवाज लावलात, सूर जुळवलात, आणि उठून तो वहिनींच्या पुढ्यात ठेवलात. स्वतः जाऊन पुरुषांच्या रांगेत बसलात. लोक कुजबुजले. तुम्ही टाळ हातात घेतलात आणि वहिनींच्या ठेक्यावर धरलात. गावातला सगळ्यात जुना पखवाजी टाळ धरून बसलाय म्हटल्यावर बाकीच्यांना बोलायला काय उरलं? वहिनींचे सासरे त्या दिवसापासून कार्यक्रमाला स्वतः पखवाज उचलून आणून देतात.

आबा, आभार मानतेय ते शिकवण्याचे तर आहेतच. पण त्याहून जास्त, तुम्ही दर वेळी स्वतःची जागा मोकळी करून आम्हाला बसवलंत त्याचे. जागराची पाळी तुमची होती. पखवाज तुमचा होता. पंढरपूरला आधी पोचून तुम्ही पायरीवर बसून नामस्मरण करू शकला असता, तेव्हा तुम्ही कड्या बसवत होतात. काकूंचेही आभार, कारण तुम्ही आमच्याबरोबर फिरत होतात तेव्हा घरची जनावरं त्यांनी एकटीनं सांभाळली.

इकडची खुशाली. तीन नव्या पोरी आल्यात, दोघी कॉलेजला आहेत. एकीचा आवाज काळी पाचलाही सहज फिरतो, पण तिला काळी चारलाच बसवलंय, सगळ्यांबरोबर. वहिनी आता धुमाळी आणि दादराही वाजवतात. कार्तिकीला पंढरपूरला जायचं ठरलंय, तिथून मंगळवेढा. मुक्कामाच्या जागेची पाहणी यंदा आमच्यातल्या दोघी आदल्या दिवशी जाऊन करणार आहेत, कडीसकट.

एक काम आहे. पखवाजाच्या उजव्या पुडीची, म्हणजे उजव्या तोंडाच्या कातड्याची, काळी शाई कडेनं उडायला लागलीय आणि वहिनी म्हणतात की जोरात मारलं की आवाज फुटतो. पुडी ताणून धरणाऱ्या दोन कातडी वाद्याही झिजल्यात. शाई भरून घ्यावी की पुडीच बदलावी, आणि बदलायची तर कुणाकडे द्यावी, ते कार्तिकीच्या आधी कळवा.

तुमची,
मंडळातली धृपदवाली, आणि बाकी सगळ्याजणी