मुळा, लोणी आणि मीठ

6 मे

प्रिय मंजू,

‘तुझं काय बाई, रोज चीज, रोज वाइन!’ हे तुझ्या पत्रात वाचून हसू आलं. चीज असतं, वाइनही असते कधीमधी. पण इथं फ्रान्सला येऊन मला खरी चटक कशाची लागली ते सांगितलं तर तुला चेष्टा वाटेल. मुळा, लोणी आणि मीठ. बस्स.

मुळा बोटाएवढा, वर लाल, टोकाला पांढरा. बियांच्या पाकिटावर नावच ‘अठरा दिवसांचा मुळा’. अठरा दिवसांत काही तो हाती लागत नाही, ल्वार नदीकाठच्या गार एप्रिलमध्ये तर नाहीच. पण नाव ठेवणाऱ्याचा उत्साह मला आवडतो. जेवायच्या आधी उपटायचा, धुवायचा, टोकाशी चीर द्यायची, त्यात गार लोण्याचा तुकडा आणि वर जाडं मीठ. सोबत पाव. मुळ्याचा झणका लोणी आवरतं, पण तो पुरता जातही नाही. चार दिवस जास्त मातीत राहिला की मात्र जून होतो, आत पोकळी धरतो, मग लोणी फुकट. पाला टाकायचा नाही. कांदा-बटाट्याबरोबर शिजवून घोटला की रात्रीचं सूप झालं.

इथल्या बागा म्हटलं की सगळे राजवाड्यांच्या गोष्टी सांगतात. व्हर्सायला चौदाव्या लुईसाठी 1678 ते 1683 या काळात भाजीपाल्याची एक अख्खी बाग उभारली, आणि तिथला माळी ला कँतिनी घोड्याच्या लिदीच्या उबेवर अवेळी भाज्या पिकवून राजाला खुश करायचा. आमच्या तूर शहराजवळ व्हिलांद्रीचा महाल आहे. 1906 मध्ये तो एका स्पॅनिश डॉक्टरनं विकत घेतला आणि तिथली जुन्या वळणाची बाग पुन्हा वसवली. भाज्यांचे नऊ चौकोन, प्रत्येकाची नक्षी वेगळी. लाल कोबी, निळसर लीक, बीट, सगळं रंग जुळवून लावलेलं. सुंदर आहे, पण तिथं मला भूक लागत नाही. एक कोबी काढला तर नक्षीला भोक पडेल ना! मला भावली ती 1896 ची गोष्ट. उत्तरेकडच्या आबे लमीर नावाच्या पाद्र्यानं कामगारांच्या घरांना जमिनीचे तुकडे मिळावेत म्हणून संस्था काढली. गावाबाहेर रुळांच्या कडेला, खोपटं आणि पाण्याची पिंपं असलेल्या अशा वाफ्यांच्या रांगा आजही दिसतात. आमच्या घरामागचा वाफा त्याच जातकुळीतला.

बागेतली माझी गुरू म्हणजे शेजारच्या मादाम. वय झालंय, पण कंबर माझ्यापेक्षा बरी. आमचं अजूनही एकमेकींना अहो-जाहोच चालतं. टोमॅटोची रोपं आज खिडकीत उभी आहेत, कारण ‘बर्फाचे संत’ जायचेत. 11, 12 आणि 13 मे हे तीन संतांचे दिवस. ते उलटेपर्यंत नाजूक रोप बाहेर लावायचं नाही, असा जुना संकेत. हा काही निव्वळ भाबडेपणा नाही, बरं का. वसंतात आभाळ निरभ्र असलं की रात्री जमिनीतली ऊब भराभर निघून जाते आणि पहाटे दहिवर गोठतं. 2021 च्या एप्रिलमध्ये अशाच गोठवणाऱ्या रात्रींनी देशभरातले द्राक्षमळे करपवले होते.

एस्त्रागाँची गोष्ट तर ऐकच. बडीशेपेच्या वळणाचा वास असलेलं हे पातळ पानाचं झाड फ्रेंच स्वयंपाकात हवंच. पण अस्सल फ्रेंच जातीला रुजणारं बी धरत नाही. पाकिटात मिळतं ते रशियन, नुसता हिरवा पाला. म्हणून अस्सल रोप मिळवायचं तर कुणाच्या तरी गड्ड्याचा तुकडा मागावा लागतो. मादामनी दिला, तोही वर्तमानपत्रात गुंडाळून, भारी ऐटीत. आता मी त्याची पानं, पार्सली, सिबुलेत (कांद्याच्या वासाची काडीसारखी पात) आणि सेर्फोय (पार्सलीसारखीच नाजूक पानं) बारीक चिरून ऑम्लेटमध्ये घालते, अगदी शेवटी, कारण जास्त आचेनं यांचा वास उडतो. थाइम आणि तमालपत्र मात्र दोऱ्यानं बांधून रश्श्यात तासभर उकळले तरी बिघडत नाहीत.

गोगलगायींनी यंदा वैताग आणलाय. 2019 पासून घरगुती बागेत रासायनिक कीटकनाशकं वापरायला इथं कायद्यानं बंदी आहे, तेव्हा रात्री बॅटरी घेऊन हातानं वेचणं आलं. शंख असलेल्या गोगलगायी मादाम घेऊन जातात. आधी त्यांना काही दिवस कडक एकादशी घडवतात, मग लसूण-लोण्यात शिजवतात. मी अजून त्या पंगतीला बसलेली नाही, बसणारही नाही.

सॅलडचं तू विचारलं होतंस. एक भाग व्हिनेगर, तीन भाग तेल. मीठ आधी व्हिनेगरमध्ये विरघळव. तेलात ते विरघळत नाही. मग चमचाभर दिजाँ मोहरी (वाटलेल्या मोहरीची तिखट चटणी), तीच तेल-व्हिनेगरला एकत्र धरून ठेवते. गंमत म्हणजे या ‘फ्रेंच’ मोहरीचे दाणे बरेचसे कॅनडातून येतात. तिथं 2021 मध्ये दुष्काळ पडला आणि 2022 च्या उन्हाळ्यात इथल्या दुकानांतली मोहरीची फळी रिकामी! माणसं हळहळत होती.

आणि हे सगळे लोक असंच जेवतात असं समजू नकोस. सुपरमार्केटातला गोठवलेला पिझ्झा इथंही ट्रॉली भरभरून जातो. तरी दुपारचं जेवण बसून, ही सवय बरीच टिकून आहे. कामाच्या टेबलावर जेवू द्यायला कामगार कायद्यात मालकाला मनाई आहे, म्हणजे बघ! आमच्या ऑफिसात साडेबाराला खुर्च्या सरकल्याचा आवाज येतो. पहिले काही महिने मी चिडायचे, कामाची लय तुटते म्हणून. आता बारा वाजताच माझं लक्ष घड्याळाकडे.

संध्याकाळी परतताना पाव घेते, ‘बागेत त्रादिस्याँ’ नावाचा, काठीसारखा लांब. 1993 च्या सरकारी आदेशानुसार या पावात कसलंही अॅडिटिव्ह चालत नाही आणि त्याचं पीठ गोठवायचं नाही. कडक टोक घरी पोचेपर्यंत उरत नाही, ते रस्त्यातच मोडून खायचं. इथं पोराटोरांपासून सगळे तेच करतात. त्यासोबत आमच्या भागातलं बकरीच्या दुधाचं सेंत-मोर चीज, राख लावलेलं, लांबट, आरपार राय धान्याची काडी घातलेलं. काडीवर बनवणाऱ्याची खूण कोरलेली असते. तुला आवडेल की नाही सांगता येत नाही, वास उग्र आहे.

सप्टेंबरची रजा टाकलीस का? ऑगस्टच्या शेवटी आलीस तर मारमाँद टोमॅटो झाडावर पिकलेले मिळतील. पांढरं अॅस्परॅगस हवं असेल तर मात्र पुढच्या वर्षी मेमध्ये ये. 24 जूनच्या सुमारास तोडणी थांबते, झाडाला पुढच्या हंगामासाठी दम धरू देतात. तारखा लवकर कळव, म्हणजे मी ऑफिसात सांगून ठेवते. व्हिलांद्रीला जायचंच असेल तर नेईन, पण डबा घेऊन.

तुझी,
शैला