सातबाऱ्यावर बोजा नको

टाटीबंध, रायपूर
7 डिसेंबर 2025

ती. बाबा आणि आईस,
सा. नमस्कार.

फोनवर माझ्या ट्रकचा विषय निघाला की बाबा नुसतं 'हं' करतात आणि आई फोन मीनाच्या हातात देते. म्हणून लिहितोय. कांदा परवा उतरवला, रिटर्न भाडं अजून लागलेलं नाही, त्यामुळे वेळच वेळ आहे. ताईला वाचून दाखवायला सांगा आणि मध्येच तिला थांबवू नका.

आई, तुझं म्हणणं, गाडी विकून टाक आणि सिन्नरला कंपनीत लाग. बाबा, तुमचं म्हणणं, गाडी विकली तर गावात तोंड कसं दाखवायचं? त्यापेक्षा सोसायटीतून सातबाऱ्यावर अडीच लाख उचलू, तुंबलेले हप्ते आणि टायर दोन्ही होऊन जातील. मला यातलं एकही करायचं नाही.

आधी या खेपेचा हिशेब ऐका. पिंपळगावहून रायपूर साधारण नऊशे किलोमीटर. भरलेली गाडी लिटरला चार देते, डिझेल नव्वदीच्या घरात, म्हणजे वीस हजार तेलातच गेले. भाडं ठरलं होतं टनाला 2,600, आणि माल 18 टन. त्यातून टोल, गाडीत टाकायचा युरिया, क्लीनरचा पगार, दलाली, दोघांचं जेवणखाण. शिवाय उतरवताना वाराई, म्हणजे हमाली. 'ज्याचा माल त्याचा हमाल' असं आपल्याकडचे गाडीवाले किती वर्षं ओरडतायत, पण माल व्यापाऱ्याचा आणि हमालाचे पैसे माझ्या खिशातून, हे काही सुटत नाही. आणि त्यात या वेळी घट कापली. तळाच्या थप्पीतल्या काही गोण्या ओल्या झाल्या होत्या. फाळका उघडला तसं पिवळं पाणी खाली ठिबकायला लागलं. व्यापाऱ्याच्या माणसाने एक गोणी नाकाजवळ नेली, माझ्याकडे न बघताच वहीत आकडा लिहिला, तीन हजार. ताडपत्री पूर्ण ओढली तर कांदा आत उबतो आणि नाही ओढली तर पावसात भिजतो. वाटेत अवकाळी झोडपून गेला, त्याचे पैसे कोणाकडे मागू?

जाताना जे हातात राहतं, ते रिटर्नची वाट बघण्यात संपतं. इथून जालन्याला, नाशिकला लोखंडाची भाडी असतात, पण गाड्या त्याहून जास्त उभ्या आहेत. माझ्या शेजारी धुळ्याचा एक जण चार दिवस उभा होता. काल त्याने टनाला अडीचशे रुपये कमी घेऊन माल भरला, कारण 10 तारखेला त्याचा हप्ता आहे. त्याला मी काय बोलणार? भाडं पडतं ते असं. बाबा, तुम्ही सगळं खापर दलालावर फोडता. दलाल आपलं काढून घेतो हे खरंच, एकाने तर दिवाळीपासून माझं बाकी भाडं 'पोच मिळाली नाही' म्हणून अडवून ठेवलंय. पण दलाल नसता तरी हप्तेवाला माणूस गाडी रिकामी उभी ठेवू शकत नाही, तोट्यातही हलवतो. आणि मोजून बघितलं तर इथल्या दहातल्या आठ गाड्या हप्त्यावरच आहेत.

त्यात माल वाहणारेही वाढले. 2018 ला केंद्राने भाराची मर्यादा वाढवली, दहा टायरला गाडीच्या वजनासकट 25 टनांवरून 28.5. आपण पेढे वाटले होते. पण तेवढ्याच मालाला कमी गाड्या लागायला लागल्या, हे नंतर कळलं. मग 2020 च्या ऑगस्टात देवळालीहून किसान रेल्वे सुटली, आणि ऑक्टोबरपासून भाजीपाल्याला भाड्यात निम्मी सूटही मिळायला लागली. गेल्या वर्षी ऑक्टोबरात नाशिकचा 1,600 टन कांदा एका गाडीने थेट दिल्लीला गेला, कांदा एक्स्प्रेस म्हणून पेपरात फोटोही आले. माझ्या गाडीच्या हिशेबाने ते नव्वदेक ट्रक झाले. शेतकरी म्हणून तुम्हाला बरं वाटलं असेल, वाटायलाच हवं. मी मात्र त्या आठवड्यात पिंपळगावच्या मार्केटबाहेर क्लीनरबरोबर पत्ते खेळत होतो.

आता विकायचं म्हणशील आई, तर ऐक. सप्टेंबरात नव्या ट्रकवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. नवी गाडी काही लाखांनी स्वस्त झाली, त्याबरोबर जुनीचा भावही खाली बसला. उन्हाळ्यात माझ्या गाडीला 20 लाख सांगणारा माणूस आता 17 च्या वर बोलत नाही. आणि हप्ता 52 हजारांचा असला तरी तो पुढच्या पोळ्याच्या आसपास संपतो. चार वर्षं फेडलं आणि नऊ-दहा महिने उरलेत. हप्ता संपला की मी त्या धुळेवाल्यासारखा अडलेला राहत नाही. भाडं पटलं नाही तर गाडी उभी करून घरी येईन, दोन दिवस तुमच्याबरोबर कांदा भरीन. धंद्यात 'नाही' म्हणता येणं ही मोठी गोष्ट आहे, आणि मला ती अजून एकदाही परवडलेली नाही.

सिन्नरचंही मी बघून आलो, सांगितलं नव्हतं इतकंच. कंत्राटी काम, बारा तास, आणि हातात येतात त्या पैशांत मुलांची फी आणि घरखर्चच कसाबसा भागेल. एखाद्या मोठ्या कंपनीला गाडी अटॅच करायचाही विचार केला. काम नियमित मिळतं, पण बिल दोन-अडीच महिन्यांनी निघतं. तोवर डिझेल कोण भरणार? ज्याच्याकडे पाच गाड्या आहेत त्याचं ते काम.

बाबा, सोसायटीचं. तुम्ही माझ्यासाठी म्हणताय हे मला कळतं. पण 2023 च्या डिसेंबरात निर्यात बंद झाली, चाळीत कांदा पडून राहिला, तेव्हाचं पीककर्ज आपण अजून फिरवतोय. निर्यात मे महिन्यात उघडली तीही 40 टक्के शुल्क लावून. कांद्यावर तुमचं घर आणि कांद्यावरच माझी गाडी. एकाला फटका बसतो तेव्हा दुसऱ्यालाही बसतोच. अशात जमीनही गाडीसाठी अडकवली तर दोन्ही एकाच दिवशी जातील. तेव्हा त्या कागदावर सही करू नका. सचिव घरी आला तर चहा पाजून परत पाठवा.

टायरचं मी बघतो. पुढची जोडी नवी घेतो, मागे रिमोल्ड, जुन्यावर नवं रबर चढवलेले, चालतील. तुंबलेल्या दोन हप्त्यांपैकी एक या महिन्यात भरतोय, दुसऱ्यासाठी फायनान्सवाल्याकडून जानेवारीपर्यंत मुदत घेतली आहे, तोंडी नाही, लेखी. आणि एक मी ठरवलंय, ते तुम्हा दोघांना सांगून ठेवतो: पोळ्याच्या आत इंजिनाने मोठा खर्च काढला किंवा आणखी दोन हप्ते चुकले, तर मी स्वतः गाडी विकीन. तेव्हा बाबा, तुम्ही गावाचं नाव काढायचं नाही. आणि आई, त्याआधी तू विषय काढायचा नाही.

हसाल, पण करसल्लागार म्हणाला की कायद्याच्या अंदाजाने जड गाडी टनाला महिना 1,000 रुपये कमावते, निदान तेवढं उत्पन्न दाखवायचं. म्हणजे माझ्या 28 टनांचे 28 हजार. सरकारला जे दिसतं ते मला एका महिन्यात तरी दिसू दे.

अण्णाचा मुलगा नवी गाडी घेतोय म्हणे, जीएसटी कमी झालाय आणि ऑक्टोबरपासून कंपनीतूनच एसी केबिन येते म्हणून. एसी चांगलाच आहे, माझ्या केबिनमध्ये मे महिन्यात पाणी पिण्याआधी बाटली फुंकावी लागते. पण त्याला सांगा, आधी महिनाभर माझ्याबरोबर फिर. भाडं कसं ठरतं ते एकदा टाटीबंधला उभं राहून बघ.

बाबा, शेतातलं काम संपेपर्यंत डॉक्टरांकडे जायचं नाही हे चालणार नाही. ताई शनिवारी घेऊन जाईल, मी तिला बोललोय. मीनाला सांगा, विम्याचा कागद कपाटाच्या वरच्या खणात शाळेच्या दाखल्यांखाली आहे, त्याचा फोटो काढून आजच पाठव, मुदत 20 तारखेला संपतेय.

जालन्याचं एक भाडं लागेल असं दलाल म्हणतोय. लागलं की वर्ध्याहून फोन करतो.

तुमचा
बाळू

ता. क. उळ्याला, म्हणजे कांद्याच्या रोपांना, पाणी कमी पडत असेल तर यंदा उन्हाळ कांद्याचं एक एकर कमी करा. मला गाडीचं सांगता, मग हेही ऐका.