ताळेबंदातला नफा कोणाच्या पैशांवर?

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

व्हिएतनामच्या सरकारी कंपन्या आणि तेथील तिजोरी यांविषयीचा कालचा अग्रलेख मी दोनदा वाचला. १९८६ च्या ‘डोई मोई’ या आर्थिक सुधारणांच्या धोरणानंतर त्या देशाने साधलेल्या प्रगतीचे कौतुक योग्यच आहे. परंतु विनाशिन या सरकारी जहाजबांधणी कंपनीचे प्रकरण आपण एका वाक्यात उरकले, याचे वाईट वाटले. सरकारने २००५ मध्ये स्वतःच्या नावावर रोखे विकून उभे केलेले ७५ कोटी डॉलर या कंपनीच्या हवाली केले. जहाजे सोडून भलत्याच धंद्यांत हातपाय पसरलेल्या या कंपनीचे कर्ज २०१० पर्यंत ४०० कोटी डॉलरच्या वर गेले आणि त्याच वर्षी डिसेंबरात ६० कोटी डॉलरच्या परदेशी कर्जाचा पहिलाच हप्ता तिला भरता आला नाही. त्या कर्जाला सरकारची हमी नव्हती, तरी २०१३ मध्ये त्याच्या बदल्यात जे नवे रोखे दिले गेले त्यांना सरकारलाच हमी द्यावी लागली. म्हणजे परदेशी सावकारांची सोय झाली. ज्या लहान कारखान्यांनी या कंपनीला सुटे भाग पुरवले असतील त्यांचे काय झाले, हे आपल्या लेखात शोधूनही सापडले नाही. मला नेमके तेच वाचायचे होते, कारण मीही त्याच पंगतीतला आहे.

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत माझे छोटे वर्कशॉप आहे. संगणकावर चालणारी दोन सीएनसी लेथ यंत्रे आणि नऊ कामगार. १ सप्टेंबर २०२२ रोजी जिल्ह्याबाहेरील एका सरकारी कंपनीला मी सहा लाख चाळीस हजारांच्या बुशिंगचा (यंत्रांत बसणाऱ्या धातूच्या नळकांड्यांचा) माल दिला. गेटवर चलनावर शिक्का बसला, तपासणीत एकही नग नापास झाला नाही. कायद्याने ठरवलेले ४५ दिवस १६ ऑक्टोबरला भरले, पैसे आले नाहीत. त्याच आठवड्यात जीएसटीची मुदत होती आणि पुढच्या सोमवारी दिवाळी. न मिळालेल्या पैशांवरचा १८ टक्के कर, म्हणजे १ लाख १५ हजार २०० रुपये, मी बँकेच्या कॅश क्रेडिटमधून, म्हणजे व्याजाच्या उचलीतून, काढून भरला आणि कामगारांच्या बोनससाठी पत्नीची मुदत ठेव मोडली. ठेवीची पावती तिने साडीच्या घडीत जपून ठेवली होती. काही न बोलता तिने ती काढून टेबलावर ठेवली.

त्यानंतर मी चार वेळा त्या कंपनीच्या लेखा विभागात गेलो. दर वेळी फाइल समोर यायची, शेवटच्या पानावर एक सही कमी असायची आणि सही करणारे साहेब दौऱ्यावर असायचे. पैसे आले ते थेट एप्रिलमध्ये, आर्थिक वर्ष संपल्यावर. सूक्ष्म व लघु उद्योगांच्या २००६ च्या कायद्यानुसार अशा विलंबावर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज मागता येते. मी एक पैही मागितली नाही, थकलेल्या पैशांसाठीच्या सरकारी ‘समाधान’ पोर्टलवर तक्रारही केली नाही, कारण तक्रार केली की पुढची ऑर्डर येत नाही, हे अंबड-सातपूरमध्ये कोणीही सांगेल. पुढे प्राप्तिकर कायद्याच्या कलम ४३-ब मध्ये दुरुस्ती होऊन लहान पुरवठादारांचे मुदतीत न चुकवलेले पैसे प्रत्यक्ष चुकते होईपर्यंत ग्राहक कंपनीला करासाठी खर्च म्हणून वजा करता येईनासे झाले, तेव्हा हा नियम टाळण्यासाठी दुसऱ्या एका ग्राहकाच्या खरेदी विभागाने मला विचारले, “लघुउद्योग म्हणून केलेली उद्यम नोंदणी रद्द करून घेता का?” मी नकार दिला, आणि ते काम गेले.

आपल्या लेखात तूट घटल्याचा आनंद आहे. आपल्याकडेही केंद्राची वित्तीय तूट २०२०-२१ मधील जीडीपीच्या ९.२ टक्क्यांवरून २०२४-२५ मध्ये ४.८ टक्क्यांवर आली, हे मला मान्य आहे आणि ते चांगलेच आहे. मात्र सरकारचा जमाखर्च रोखीच्या पद्धतीने मांडला जातो. ज्या बिलाचे पैसे सुटले नाहीत ते त्या वर्षीच्या खर्चात येत नाही आणि तुटीतही दिसत नाही. आपल्या राज्यात कंत्राटदार थकीत बिलांसाठी रस्त्यावर उतरले, ती रक्कमही मार्चअखेरच्या आकड्यात नव्हती. कंपनीच्या ताळेबंदात निदान देणी लिहावी लागतात. पण पुरवठादाराचे पैसे जितके दिवस अडकवाल तितके दिवस कंपनीला बँकेकडून कमी उचल करावी लागते, त्या उचलीचे व्याज वाचते आणि तेवढा नफा वाढतो. ते व्याज अंबडमधला माणूस भरत असतो.

माझे बिल थकले होते त्याच वर्षीच्या निकालांत या कंपनीने वाढीव नफा जाहीर केला आणि आपल्या अर्थविषयक पानावर त्याची चौकट आली. त्या चौकटीत उलाढाल, नफा आणि लाभांश होता. सूक्ष्म व लघु उद्योगांची देणी कंपनीला ताळेबंदात वेगळी दाखवावी लागतात, आणि ४५ दिवसांपुढे थकलेल्या रकमांचे सहामाही विवरणपत्रही सरकारकडे भरावे लागते. यापुढे कोणत्याही कंपनीचा वार्षिक निकाल छापताना, लाभांशाच्या आकड्याखाली या थकबाकीचा एक आकडाही छापावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक लघुउद्योजक,
अंबड, नाशिक