आईच्या ऑपरेशनआधीची साखर

तीर्थरूप बाबांना साष्टांग नमस्कार,

आईचे रिपोर्ट पाहिले. एचबीए१सी ८.६ आला म्हणून सर्जननी वजन कमी करायच्या ऑपरेशनची तारीख पुढे ढकलली, ते बरंच झालं. हा आकडा मागच्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा असतो, आठ दिवसांच्या उपासाने हलत नाही. साधारण ७ च्या आत आणायचा. मधुमेह जुना असेल तर ८ पर्यंतही बरेच डॉक्टर चालवून घेतात. साखर चढलेली असली की जखम चिघळते, भरायला वेळ लागतो. आईला लोह कमी आहे, त्याने हा आकडा खोटाच वाढलेला दिसू शकतो. डॉक्टरांच्या कानावर घाला.

फोनवर मी साखर "सात" म्हणाले आणि तुम्ही दचकलात. अहो, इथे, मी राहते त्या देशात, साखर मिलिग्रॅममध्ये मोजतच नाहीत, मिलिमोलमध्ये मोजतात. आकड्याला १८ ने गुणायचं. ४ म्हणजे ७२, ७ म्हणजे १२६, १० म्हणजे १८०. एचबीए१सीसुद्धा टक्क्यांत नाही. आपले ७ टक्के म्हणजे इथले ५३! आता मी तुमच्याशी आपल्याच आकड्यांत बोलेन.

खरं जपायचं ते शेवटचे दोन आठवडे. तेव्हा दिवसाला ८०० ते १२०० कॅलरींचं, कमी पिठूळ आणि भरपूर प्रथिनांचं खाणं देतात. तुम्हाला वाटतं तिला उपाशी मारतात, तसं नाही. चरबीने सुजलेलं यकृत जठरावर पडलेलं असतं. ते आक्रसलं की दुर्बिणीतून काम करायला जागा मिळते. पण खाणं निम्म्यावर आलं आणि साखर उतरवणारी गोळी ग्लिमेपिराइड जुन्याच डोसने चालू राहिली, तर साखर धाडकन उतरते. म्हणून डाएट सुरू व्हायच्या आधीच डोस ठरवून, कागदावर लिहून घ्या. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली की लगेच मोजा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, नुसतं खायला घालून विषय संपवू नका.

मोजताना हात धुऊन कोरडे करा. फळ चिरलेल्या बोटाला टोचलं तर आकडा फसवतो. बोटाच्या कडेला टोचा, पिळू नका.

डॅपाग्लिफ्लोझिन (लघवीवाटे साखर बाहेर काढणारी गोळी) ऑपरेशनच्या किमान ३ दिवस आधी बंद लागते, काही जण डाएटबरोबरच थांबवतात. ती चालू असताना खाणं तुटलं तर साखर १५० दिसत असूनही रक्तात कीटोन, म्हणजे चरबी जळून तयार होणारी आम्लं, साठतात. मळमळ, पोटदुखी, धाप लागली तर कीटोन तपासायला सांगा. ऑपरेशननंतर साखर काही दिवसांतच उतरू लागते, तेव्हा घरी सोडताना गोळ्यांची नवी यादी मागून घ्या. जुनी फाडून टाका.

लांब बसून सल्ले देते असं आत्या म्हणाल्या. म्हणोत. रोज हेच काम करते, म्हणून लिहिते.

पैसे कालच पाठवलेत, दादाच्या लग्नासाठी ठेवलेले मोडू नका. लग्न मात्र ऑपरेशननंतर दोन-तीन महिन्यांनी धरा, आईला धावपळ झेपायला हवी. सुट्टी एकदाच मिळतेय आणि ती मी लग्नाला घेतली. ऑपरेशनच्या दिवशी तिच्या उशाशी मी नसेन. तिला तुम्हीच नीट सांगा, फोनवर मला जमलं नाही.

सकाळचा उपाशीपोटीचा आकडा रोज पाठवा. तेव्हा इथे रात्र असते, मी जागी असते.

तुमची,
छोटी