वाचन शिकवायचे कसे, हेही शिकवा

महोदय,

मी नागपुरात प्राथमिक शिक्षिका आहे. परवा चौथीतल्या एका मुलीने धडा घडाघडा म्हणून दाखवला. मधल्याच 'पाऊस' शब्दावर बोट ठेवले, तर ती गप्प! धडा पाठ होता, वाचता येत नव्हता. मूल काना-मात्रेत अडते की जोडाक्षरात, हे ओळखायला मी वीस वर्षांत चुकतमाकत शिकले, डी.एड.ला कुणी शिकवले नाही. केंद्र सरकारचे 'निपुण भारत' अभियान २०२१ मध्ये आले. २०२६-२७ पर्यंत तिसरीअखेर प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे, हे त्याचे ध्येय. चार दिवसांच्या प्रशिक्षणाने ते कसे साधणार? नागपूर विद्यापीठाने नोकरीतल्या शिक्षकांना सुट्यांमध्ये करता येईल असा वाचन-साक्षरतेचा पदव्युत्तर अभ्यासक्रम द्यावा. घरी हिंदी, गोंडी बोलणाऱ्या मुलांना मराठी वाचायला शिकवणे हा त्यात स्वतंत्र विषय हवाच.

– एक शिक्षिका, नागपूर