रविवारची फेरी : पाण्याखालचं डरवेंट गाव

मंडळी, येत्या रविवारी सकाळी १० वाजता इंग्लंडमधल्या डर्बीशायरच्या लेडीबाऊर धरणाजवळ, फेअरहोम्सच्या पार्किंगमध्ये जमायचं आहे. पार्किंगला पैसे पडतात, तेव्हा गाड्या शक्यतो वाटून घ्या.

लेडीबाऊर धरणात डरवेंट आणि ॲशॉप्टन ही दोन गावं गेली. १९४३ ते ४५ दरम्यान पाणी चढत गेलं. त्याआधी डरवेंटच्या चर्चच्या आवारातली प्रेतं उकरून जवळच्या बॅमफर्ड गावाला नेऊन पुन्हा पुरली. चर्चचा मनोरा मात्र आठवण म्हणून तसाच ठेवला होता. पाणी उतरलं की पोरं पोहत तिथवर जायची, म्हणून १९४७च्या डिसेंबरात तो सुरुंग लावून पाडला. गावातला जुना दगडी पूल तेवढा वाचला. एकेक दगड सुटा करून तो खोऱ्यात वर स्लिपरी स्टोन्स या जागी पुन्हा उभारला. तिथवरची चाल बरीच लांब आहे, त्यामुळे या खेपेला नाही.

मुख्य काम आठवणी गोळा करण्याचं. तुमच्या शेजारपाजारी कुणी आजी-आजोबा या खोऱ्यातले असतील तर आधी विचारून घ्या, फोटो असतील तर मोबाइलवर काढून आणा. नाव लिहिण्याआधी त्यांची परवानगी हवीच. आपल्यातल्या ज्यांनी उजनीचं पाणी आटल्यावर पळसदेवचं देऊळ वर आलेलं पाहिलंय, त्यांनीही बोलावं.

पाणी कमी असलं तरी काठाच्या गाळात कुणीही उतरायचं नाही. वरून सुका दिसतो, पाय गुडघ्यापर्यंत जातो. २०१८ साली तिथे रुतलेल्यांना बचाव पथकाला काढावं लागलं होतं.

डबा आपापला. चहा माझ्याकडे.