या सुट्टीत लेकरं आजोळी येणार नाहीत

ती. आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

फोनवर आई रडायला लागली की माझंही बोलणं अर्धवट राहतं, म्हणून लिहिते. या सुट्टीत ओवी आणि शंभू परभणीला येणार नाहीत. पेरणीच्या तयारीला आमच्यासोबत रानातल्या आखाड्यावरच राहतील. आमचं दोघांचं ठरलंय. आई, तू कुरडया-शेवयांचे डबे भरून ठेवलेस, नातवंडांसाठी नवा माठ आणलास, सगळं माहीत आहे मला. म्हणूनच चार दिवस हे सांगायचा धीर होत नव्हता.

तू म्हणालीस, कोवळी लेकरं रानात राबवता. आई, राबवत नाही गं. मजूर परवडत नाहीत असंही नाही. उलट त्यांना सोबत घेतलं की कामाला दुप्पट वेळ लागतो. धसकटं वेचायला गेलं की शंभू प्रत्येक धसकटाखाली वाळवी आहे का ते बघतो. बघू दे. मोठी होऊन ती शेती करोत न करोत, घरातलं धान्य कुठून येतं हे त्यांच्या हातांना कळायला हवं, एवढंच मला वाटतं. आणि ते कळायचं वय हेच आहे. आठ आणि पाच वर्षांच्या लेकरांना आई-बापाच्या मागे मागे करायला आवडतं, अजून चार वर्षांनी बोलावलं तरी येणार नाहीत.

बाबा, तुम्हाला आवडेल ते सांगते. घरच्या सोयाबीनची उगवण ओवीनं तपासली. ओलं पोतं अंथरलं, दहा-दहाच्या ओळीत शंभर दाणे मांडले, दुसरं ओलं पोतं वरून घालून वळकटी केली. सकाळ-संध्याकाळ तांब्यानं पाणी शिंपडायचं काम शंभूचं. वळकटी उघडली तेव्हा दोघं श्वास रोखून बसले होते. पांढरे मोड पोत्याच्या धाग्यात अडकलेले, काही दाणे नुसतेच फुगून बुळबुळीत झालेले. ओवीनं 78 मोजले. तीन-चार मोड वाकडे, खुंटलेले होते, ते धरायचे नाहीत म्हटल्यावर तिला रडू आलं. फुरंगटून बसली, मग स्वतःच उठून पुन्हा मोजले. 74 भरले. सत्तरच्या वर आहे, म्हणजे एकरी 30 किलो बी पुरेल, नाही का? विद्यापीठाच्या क्वार्टरच्या ओट्यावर तुम्ही मला शेजारी बसवून हेच करायचात. तुमच्या मांडीला टेकून मी दाणे मोजायचे आणि पन्नासच्या पुढे झोपून जायचे. मला खांद्यावर टाकून तुम्ही उरलेले मोजायचात, म्हणे.

शंभूला आता एवढं कळलंय की सोयाबीनची साल पातळ असते, पोतं आपटलं की बी फुटतं. त्याच्या बाबांनी पोतं जरा जोरात ठेवलं तरी ओरडतो.

उन्हाची काळजी करू नका. दिवस उगवायला रानात आणि साडेआठच्या आत लिंबाखाली, त्यानंतर एकही काम नाही. ताक, पन्हं, कांदा रोजचं आहे. दुपारी कूलर चालतो, लाइट गेली तर ओल्या चादरी लावतो. विंचवा-काट्याच्या भीतीनं बूट घातल्याशिवाय पाऊल टाकू देत नाही. बियाण्याला औषध चोळायचं असेल त्या दिवशी दोघं गावातल्या घरी राहतील. आभाळ गडगडलं की सगळे घरात, मग काम कितीही राहिलेलं असो. आणि 75 ते 100 मिलिमीटर पाऊस पडल्याशिवाय तिफण लावणार नाही, बाबा, शब्द देते. पुढं निंबोळ्या पडायला लागल्या की वेचायला दोघं आहेतच. पाच किलोची पावडर केली की 100 लिटर फवारणी होते, तेवढ्या तर ते खेळता खेळता गोळा करतील.

आता माझं ऐका. बाबा, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, खाली वाकून कुंड्यांची माती उकरायची नाही. डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही. थेंब वेळेवर, झोपताना डोळ्यावर झाकण. बरं वाटतंय म्हणून थेंब बंद करू नका, डॉक्टर सांगतील तेव्हाच. आई, तू गच्चीवर वाळवणाला चढू नकोस, तुझे गुडघे आधीच कुरकुरतात. राहिलेले पापड शेजारच्या काकूंकडून करून घे, पैसे मी पाठवते. तू नाही म्हणशील, तरी पाठवणार.

पंचमीला मी लेकरांना घेऊन येते आणि चांगले आठ दिवस राहते. तोवर रोज संध्याकाळी ओवी व्हिडिओ कॉल करेल, बाबांना रान दाखवेल. माठ तुम्ही वापरायला काढा, त्यांच्यासाठी राखून ठेवू नका. शेवया मात्र थोड्या ठेव, शंभूनं विचारलंय.

आणि लोणच्याच्या कैऱ्या विकत घेऊ नकोस. बांधावरच्या आंब्याच्या फोडून, पुसून पाठवते. पुसायला दोघं बसणार आहेत. तू फक्त मसाला कालव.

तुमची,
बाई